समितीसमोर खोटे बोलणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हावी का?

विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्यात येणार म्हटले की कार्यालयांत धावपळ सुरू होते. आमदार विचारतात: अनुशेष किती पदांचा? शिष्यवृत्ती किती मुलांच्या खात्यात गेली? वस्तीसाठी आलेला निधी कुठे खर्च झाला? अधिकारी उत्तरे देतात आणि त्यावरून अहवाल तयार होतो. या उत्तरांत जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर काय होते, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

संविधानाच्या कलम १०५ ने संसदेला आणि कलम १९४ ने राज्य विधिमंडळाला विशेषाधिकार दिले आहेत. समिती म्हणजे सभागृहाचेच डोळे आणि कान. ती अधिकाऱ्याला साक्षीला बोलावू शकते, शपथ देऊ शकते, कागदपत्रे मागवू शकते. तिच्यासमोर खोटी साक्ष दिली तर तो हक्कभंग होतो. लोकसभेच्या नियमांनुसार राज्याच्या सुरक्षेचे किंवा हिताचे कारण देऊन सरकार एखादा कागद द्यायला नकार देऊ शकते. म्हणजे 'देत नाही' म्हणण्याची सोय आहे. खोटा आकडा देण्याची मात्र कुणालाच मुभा नाही.

असे प्रत्यक्षात घडलेले आहे. एस. सी. मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्याने संसदेच्या लोकलेखा समितीसमोर मुद्दाम वस्तुस्थितीचा विपर्यास केला आणि खोटी साक्ष दिली, असा ठपका आला. डिसेंबर १९७० मध्ये त्यांना लोकसभेसमोर उभे करून अध्यक्षांनी त्यांची कानउघाडणी केली. सभागृह तुरुंगातही धाडू शकते, पण सत्रसमाप्ती झाली की तो कारावासही संपतो.

माझे मत स्पष्ट आहे: जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. समितीला आकडा मिळतो तो अधिकाऱ्याकडूनच. 'अनुशेष शून्य' असे एकदा अहवालात छापले गेले की भरती निघत नाही, आणि ज्या मुलाचे वय उलटून जाते त्याला आपले काय गेले हे कळतसुद्धा नाही.

पण दिशाभूल नेहमी उघड खोट्याच्या रूपात येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला साफ करताना एकाही मृत्यूची नोंद नाही. त्याच वर्षी सरकारनेच गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३२१ जण दगावल्याचा आकडा दिला. २०१३ च्या कायद्यात या दोन कामांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, म्हणून कागदावर दोन्ही विधाने एकाच वेळी उभी राहतात. घरातला माणूस गेला त्या कुटुंबाला हा फरक कोण समजावणार? अशा उत्तरासाठी कुणाला शिक्षा करणे कठीण आहे. तिथे उपाय एकच, समितीने प्रश्न नेमका विचारणे.

दुसरी अडचण, शिक्षा देणारे कोण? सभागृह म्हणजे शेवटी बहुमत. मारुती कंपनीबाबत संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांचा छळ केल्याबद्दल इंदिरा गांधींना डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेतून काढून तुरुंगात पाठवले गेले. मे १९८१ मध्ये पुढच्या लोकसभेने तो ठरावच रद्द केला. बाक बदलले, न्याय बदलला. या प्रकरणातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे त्रास झाला तो खरी माहिती काढणाऱ्यांना. म्हणून नुसती शिक्षा पुरत नाही, खरे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षणही लागते.

विशेषाधिकारांची सविस्तर यादी संविधानात घालणे व्यवहार्य नाही, अशी बाबासाहेबांची घटना समितीत भूमिका होती. त्यासाठी कायदा करायची वाट कलम १०५ आणि १९४ मध्येच मोकळी ठेवली आहे. संसदेने तो सर्वंकष कायदा अजून केलेला नाही. तो झाला तर कोणत्या खोट्याला कोणती शिक्षा, हे बहुमताच्या मर्जीवर राहणार नाही.

तोवर धोका खालच्या टेबलाला आहे. आकडा फिरवायला सांगतो साहेब आणि सही असते लिपिकाची. तो लिपिक पुष्कळदा आपल्यातलाच असतो. बडतर्फीपूर्वी चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी देणारे कलम ३११ म्हणूनच मोलाचे आहे. चौकशीत पहिला प्रश्न हवा: तोंडी आदेश कुणाचा होता?

कार्यकर्त्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. समितीला दिलेली उत्तरे माहिती अधिकारात मागितली तर कलम ८(१)(ग) दाखवून, म्हणजे हक्कभंगाचे कारण देऊन, नकार येऊ शकतो. त्यापेक्षा मूळ कागद मागा: बिंदुनामावली नोंदवही, खर्चाच्या नोंदी, उपयोगिता प्रमाणपत्रे. हे कागद समितीसाठी तयार केलेले नसतात, कार्यालयाचे रोजचे असतात. समितीच्या दौऱ्याची तारीख कळली की त्याआधीच अर्ज टाका, कारण उत्तराला तीस दिवस लागतात. मिळालेल्या प्रती निवेदनाला जोडून समितीच्या प्रमुखांकडे द्या आणि निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उद्या अहवालात वेगळा आकडा आला, तर फरक दाखवायला तुमच्या हातात कार्यालयाचाच कागद असेल.