बाहुली रुंदावते, पण कशामुळे?

शिकणारा ‘मला सोपे गेले’ असे काहीही सांगेल, शरीर मात्र खरे काय ते दाखवते, हा समज चांगलाच रुजला आहे. तो अगदीच निराधार नाही. १९६४ साली एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी काही जणांना तोंडी गुणाकार घालून त्यांच्या डोळ्यांचे चित्रण केले. सात आठे छप्पन्नसारख्या सोप्या गुणाकारापेक्षा १६ गुणिले २३ करताना डोळ्याची बाहुली जास्त रुंदावत होती. दोनच वर्षांनी डॅनियल काहनमन आणि जॅक्सन बीटी यांना दिसले की, ओळीने ऐकलेले आकडे लक्षात ठेवताना बाहुली आकड्यागणिक मोठी होत जाते आणि ते परत म्हणून दाखवताना आकड्यागणिक लहान. म्हणजे खूण खरी आहे. घोटाळा होतो तो ती खूण कशाची, हे ठरवताना.

बाहुलीचे मुख्य काम डोळ्यात किती उजेड जाऊ द्यायचा ते ठरवण्याचे. त्यासाठी ती साधारण दोनपासून आठ मिलिमीटरपर्यंत बदलते. विचार करताना होणारा बदल बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. वर्गात खिडकीतून ऊन आले किंवा पडद्यावरचे चित्र बदलले, तरी एवढा फरक सहज झाकला जातो. भीतीने आणि उत्सुकतेनेही बाहुली रुंदावते. तळहाताच्या घामावरून त्वचेची विद्युतवाहकता मोजतात, पण घाम गणिताने फुटला की गणिताच्या धास्तीने, हे तो आकडा सांगू शकत नाही. हृदयाच्या ठोक्यांमधले अंतरही मोजतात, पण ते श्वासाबरोबरही बदलते. मेंदूच्या विद्युतलहरींत श्रमाची चिन्हे आढळतात हे खरे, परंतु पापणी लवली किंवा दात आवळले तरी त्याहून कितीतरी मोठा संकेत उमटतो. प्रयोगशाळेत उजेड, आवाज, हालचाल सारे आवरता येते. चाळीस मुलांच्या वर्गात ते जमणार नाही. शिवाय भार झेपेनासा झाला की बाहुलीची वाढ थांबते. त्यामुळे हात टेकलेल्या मुलाची नोंद शांतपणे गणित सोडवणाऱ्यासारखीच दिसू शकते.

मग मुलालाच विचारले तर? फ्रेड पास यांनी १९९२ साली नऊ पायऱ्यांची पट्टी वापरली: अत्यंत कमी श्रमापासून अत्यंत जास्त श्रमापर्यंत, किती पडले ते शिकणाऱ्याने सांगायचे. ‘मुलांना काय कळते’ हा आक्षेप इथे हमखास येतो. पण खरी अडचण बऱ्याचदा विचारण्याच्या पद्धतीत असते. प्रत्येक उदाहरणानंतर विचारलेल्या आकड्यांची सरासरी आणि शेवटी एकदाच विचारलेला आकडा जुळत नाहीत; शेवटचा आकडा जास्त निघतो, असे टमारा व्हॅन गोग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. तसेच एका मुलाचे ‘सात’ आणि दुसऱ्याचे ‘सात’ सारखेच असतील असे नाही. म्हणून त्याच मुलाची दोन उदाहरणे ताडून पाहणे अधिक सुरक्षित.

याहून मोठा गैरसमज असा की श्रमाचा आकडा म्हणजेच शिकण्याचा आकडा. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडले की, चाचपडत उत्तर शोधणाऱ्या विद्यार्थ्याची बुद्धी त्या शोधातच खर्च होते आणि पद्धत शिकायला ती उरत नाही. उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणे कठीण, तरी आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात राहिले, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात दिसले. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास तर फार बोलका आहे: स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते आणि तरीही आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. तेव्हा श्रम कशावर झाले आणि नंतर काय टिकले, हे शेजारी मांडल्याशिवाय तो आकडा मुका आहे.

अनेक संकेत एकत्र करून संगणकाला वाचायला दिले तर अडचण सुटेल, असे म्हटले जाते. प्रयोगशाळेत त्याने मदत होते, हे मान्य करायला हवे. पण संगणकाला ‘हा श्रम जास्त, हा कमी’ हे शिकवण्यासाठी बहुधा कामाची काठिण्यपातळी किंवा माणसांनी स्वतः दिलेले आकडेच वापरतात. ज्या शब्दावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणायचे, ते यंत्र पुष्कळदा त्याच शब्दावर तयार झालेले असते. चीनमधल्या जिनहुआ शहरातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला लक्ष मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये लोकांनी संताप व्यक्त केल्यावर तो वापर थांबवावा लागला. तो संताप मला रास्त वाटतो, कारण इतक्या संदिग्ध आकड्यावरून एकेका मुलावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे. हीच मोजमापे पाठाला लावली तर मात्र उपयोगी पडतात: एकच घटक दोन तऱ्हांनी शिकवावा, प्रत्येक उदाहरणाखाली नऊ पायऱ्यांची पट्टी छापावी, आठवड्याने न सांगता चाचणी घ्यावी आणि कोणत्या तऱ्हेत कमी श्रमात जास्त टिकले ते पाहावे. एवढ्याला कागद आणि पेन्सिल पुरते.