बास गिटारचा ॲम्प्लिफायर आणि न वाजलेला सूर

गाण्याच्या कार्यक्रमात बास गिटार वाजवणारा बहुधा मागे, ड्रमच्या शेजारी उभा असतो. त्याच्या वाद्याला तारा बहुधा चारच. त्यांतली सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. पेटी वाजवणाऱ्या वाचकांच्या भाषेत हा पांढरी तीनचा सूर. पण तो इतका खाली, की काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा खर्जातला षड्जही (सुमारे ६९ हर्ट्झ) त्याच्या वरच राहतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून भागाकार करून पाहा. या सुराची तरंगलांबी जवळजवळ ८.४ मीटर भरते. एखाद्या वर्गखोलीत ही एक लहर मावली तर मावली!

एवढी लांब लहर हवेत उठवायची कशी, आणि उठवली तरी ती कानाला कितपत कळणार, असे दोन प्रश्न बास गिटारच्या ॲम्प्लिफायरपुढे असतात. पहिल्याचे उत्तर लाकूड, लोखंड आणि कागद यांत शोधता येते. दुसऱ्यासाठी मात्र आपल्या कानाचे वागणे थोडे समजून घ्यावे लागते.

पूर्वी हे खालचे सूर वाजवायला माणसाच्या उंचीहून मोठे, उभे धरायचे डबल बास हे वाद्य वापरीत. त्याच्या पोकळ पोटामुळे आवाज मोठा होई. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ ही भरीव लाकडाची, गळ्यात अडकवून वाजवण्याची बास गिटार बाजारात आणली. भरीव लाकूड हवा फारशी हलवीत नाही. तारांखालच्या चुंबकांभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो, आणि पुढचे सगळे काम ॲम्प्लिफायरला करावे लागते. म्हणूनच पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, फेंडर यांना ‘बासमन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढावा लागला. त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. १९६० मध्ये अँपेग कंपनीचा ‘बी-१५’ आला, आणि १९६९ मध्ये त्याच कंपनीचा ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’. या शेवटच्याचा नुसता व्हॉल्व्हचा भाग ४० किलोच्या आसपास भरे. आठ स्पीकरांची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी पेटी वेगळी. आज तेवढ्याच किंवा अधिक वॉटचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मिळतो. स्पीकरांना मात्र अजूनही मोठी पेटीच लागते. असे का?

स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे हलून हवा ढकलतो. आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणजे १६४ हर्ट्झला जो शंकू अर्धा मिलिमीटर हलून भागते, त्याला ४१ हर्ट्झला आठ मिलिमीटर झेप घ्यावी लागेल. त्यापेक्षा शंकूचे क्षेत्रफळ वाढवणे सोपे. शिवाय शंकू पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. पेटीची पाठ उघडी असेल, तर पुढची दाट हवा वळसा घालून मागे जाते आणि खालच्या सुरांचा आवाज तिथल्या तिथे मरतो. म्हणून बासची पेटी पाठीमागून बंद असते, किंवा तिला मोजूनमापून भोक ठेवलेले असते.

आता कानाकडे वळू. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला. तो बास गिटार वाजवतो. “सर, बासचे बटण पूर्ण फिरवले, तरी मागच्या रांगेत माझा एकही सूर पोचत नाही. नुसती घरघर ऐकू येते म्हणतात. २०० वॉटचा ॲम्प भाड्याने आणावा का?” त्याच्याजवळचा ॲम्प्लिफायर १०० वॉटचा होता. भाडे त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे होते, तेव्हा प्रश्न साधा नव्हता. त्याला आधी एवढेच सांगितले, की शक्ती दुप्पट केल्याने ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. मग ॲम्प्लिफायरच प्रयोगशाळेत आणवला आणि ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर व संगणक यांच्या संगतीत त्याचे एकेक बटण फिरवून पाहिले.

आधी सर्व बटणे मध्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवली, आणि जाड तार छेडून तिचा विद्युत्‌संदेश संगणकावर नोंदवला. ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा नोंदीतील वारंवारता वेगवेगळ्या करून पाहता येतात. तारेतून नुसते ४१ हर्ट्झ निघत नाहीत, हे तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेच. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ८२, १२४, १६५, २०६... हर्ट्झचे हार्मोनिक तिच्यात एकाच वेळी असतात. गंमत अशी, की पडद्यावरचा ८२ हर्ट्झचा सुळका ४१ च्या सुळक्यापेक्षा उंच होता. ज्याच्या नावाने आपण सूर ओळखतो, तो मूलस्वर या गर्दीत थोरला नव्हताच!

मग बासचे बटण पूर्ण फिरवले. अशा बटणाने ४० हर्ट्झच्या आसपास साधारण १५ डेसिबल वाढ मिळते. शक्तीच्या हिशेबात हे ३२ पट होते. मूलस्वरासाठी आधी ५ वॉट खर्च होत असतील, तर आता १६० लागतील, आणि ॲम्प्लिफायर तर १०० वॉटचा. ऑसिलोस्कोपवर लहरीचे माथे सपाट झालेले दिसले, शंकू धापा टाकू लागला आणि टेबलावरचे चंचुपात्र थरथरले. एवढे करून कानाला काय मिळाले? फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत कानाची संवेदनशीलता मोजून आलेख काढले. पुढे त्यांत सुधारणा झाल्या. आजच्या प्रमाण आलेखानुसार ४० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा सुमारे पाऊण लाख पट तीव्र असावा लागतो. सभागृहात गलका असताना त्याच्या मागे लागणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे.

त्यानंतर ‘मिड’चे बटण. याच्या शेजारी आणखी एक बटण होते; कोणती वारंवारता वाढवायची ते त्याने ठरवता येई. आम्ही ते ५०० हर्ट्झच्या जरा वर ठेवले, मिड ४-५ डेसिबल वाढवला आणि बास पुन्हा मध्यावर आणला. खोलीत एकट्याने ऐकताना हा आवाज काही खास वाटला नाही, थोडा नाकात बोलल्यासारखाच वाटला. पण दुसऱ्या विद्यार्थ्याने टेबलावर ताल धरला आणि तिसऱ्याने मोबाइलवर गाण्याची साथ लावली, तेव्हा प्रत्येक सूर सुटा ऐकू आला. ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठ्या ड्रमचा दणका असतो, तिथे दाटीवाटी. वरच्या हार्मोनिकना मोकळी जागा मिळते. काही ॲम्प्लिफायरवर खर्ज भरदार करणारी ‘अल्ट्रा लो’ नावाची कळ असते. प्रत्यक्षात ती खालचे सूर थोडेसेच वाढवते आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचे बरेच कापते. घरी सराव करताना त्यामुळे आवाज भारदस्त वाटतो. वाद्यवृंदात वादक नाहीसा होतो. कळीचे नाव वाचून ती दाबणाऱ्यांची मला नेहमी कीव येते.

पण वरचे हार्मोनिक वाढवले, तर सूरही वर जायला हवा ना? तो जात नाही. संगणकातील नोंदीतून १५० हर्ट्झच्या खालचे सगळे आम्ही गाळून टाकले. मूलस्वर गेला, दुसरा आणि तिसरा हार्मोनिकही गेला. उरले १६५, २०६, २४७ आणि पुढचे. आवाज पातळ झाला, पण सूर तोच राहिला, पांढरी तीन! या सर्वांमधले अंतर ४१ हर्ट्झचे आहे, आणि मेंदू त्यावरून न वाजलेला मूलस्वर ओळखतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही जात नसे. तरी वडिलांचा शंभर-सव्वाशे हर्ट्झचा आवाज कधी बाईसारखा वाटला नाही, तो याचमुळे. ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ मध्ये भोकाभोकांच्या चकतीवर हवा फुंकून हा चमत्कार दाखवला, तेव्हा त्याला विरोध करणारे शास्त्रज्ञ होते गेऑर्ग ओहम, तुमच्या विद्युत्‌रोधाच्या नियमातलेच. वारंवारता प्रत्यक्ष हजर असल्याशिवाय सूर ऐकू येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हॉलंडमधील स्खाउटेन यांनी १९४० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनी झेबेक यांची बाजू उचलून धरली.

शेवटी ‘ड्राइव्ह’. आम्ही तारेऐवजी जनरेटरचा शुद्ध ४१ हर्ट्झचा संदेश दिला आणि आवाज लहान ठेवला. ऐकू जवळजवळ काहीच येईना. मग ड्राइव्ह वाढवला. ऑसिलोस्कोपवर लहरीची उंची तेवढीच राहील इतका मुख्य आवाज कमी केला. माथे सपाट होताच १२३, २०५ असे तिप्पट, पाचपट हार्मोनिक जन्माला आले आणि सूर ठळक झाला. लहर बिघडवल्यावर ती अधिक चांगली ऐकू येते, हे मुलांना पटायला जरा वेळ लागला.

दुसरा ॲम्प्लिफायर भाड्याने आणला गेला नाही. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेपर्यंत बास पोचला. आवाजाचे बटण अर्ध्याच्या पुढे गेले नव्हते, ही मला अधिक समाधानाची गोष्ट वाटली. कारण १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक काळ रोज राहणे कानाला धोक्याचे मानतात.

ॲम्प्लिफायर शाळेत आणता आला, तर शिक्षकांनी आणखी एक प्रयोग जरूर करावा. (व्हॉल्व्हचा असेल तर पाठ मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या धारित्रांत शेकडो व्होल्ट टिकून राहतात.) खोलीच्या एका टोकाला, भिंतीला लागून तो ठेवा आणि ४१ हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात चालू ठेवा. समोरच्या भिंतीपासून विद्यार्थ्यांना एकेक पाऊल पुढे यायला सांगा. भिंतीशी सूर भरीव असतो; दोनेक मीटरवर तो एकदम गळून जातो; पुढे पुन्हा वाढतो आणि पुन्हा गळतो. येणारी आणि परतणारी लहर मिळून झालेल्या स्थिर लहरीचे हे पाताळ आणि शिखर. आमच्या साडेआठ मीटरांच्या प्रयोगशाळेत मुलांनी आवाज गळण्याच्या दोन जागांवर खडूने रेघा ओढल्या. रेघांमधले अंतर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, ४.२ मीटर भरले. त्याची दुप्पट करून ४१ ने गुणा.