गीत सैन्यात आले, सैनिक बाहेरच राहिले

लष्करी बँडवर ‘कदम कदम बढाये जा’ या संचलनगीताचे सूर उमटले की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास ते हमखास कानी पडते, आणि शाळेच्या मैदानावर कवायत करणाऱ्या मुलांनाही ते पाठ असते. भारतीय लष्कराच्या प्रिय संचलनगीतांत आज त्याची गणना होते. परंतु हे गीत मुळात या लष्कराचे नव्हे. ते आझाद हिंद सेनेचे गीत होय. १९४४ साली इंफाळच्या परिसरात ज्या सेनेची गाठ ब्रिटिशांच्या हुकमतीखालील भारतीय फौजेशी पडली, त्या सेनेने ते गायिले. युद्धात ही सेना हरली आणि तिचे सैनिक कैद झाले. पुढे देश स्वतंत्र झाला आणि काळाच्या ओघात जेत्या फौजेने पराभूत सेनेचे गीत आपलेसे केले. मात्र गीताच्या वाट्याला आलेला हा सन्मान ते गाणाऱ्यांच्या वाट्याला आला नाही, आणि या इतिहासाचे मर्म नेमके या विसंगतीत आहे.

या गीताची चाल बांधणारे रामसिंह ठाकुरी हे गुरखा सैनिक. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ रोजी धर्मशाळेजवळच्या खनियारा या गावी झाला. कोवळ्या वयातच ते पहिल्या गुरखा रायफल्समध्ये भरती झाले आणि पलटणीच्या बँडमध्ये पाश्चात्त्य वाद्यसंगीताचे शिक्षण त्यांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण मलायात गेली, तेथे जपानी फौजांकडून पराभूत झाली आणि रामसिंह युद्धकैदी झाले. गीताच्या शब्दांचे श्रेय अवधी कवी वंशीधर शुक्ल यांना दिले जाते. म्हणजे शब्द लखीमपूरकडच्या कवीचे आणि चाल हिमाचलात जन्मलेल्या गुरख्याची. ब्रिटिशांनी आपल्या पलटणींसाठी जो वादक घडविला, त्यानेच ती विद्या त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सेनेच्या हाती दिली. साम्राज्ये शस्त्रे शिकवितात तेव्हा ती उद्या कोणावर रोखली जातील हे त्यांना ठरविता येत नाही. संगीताचेही तसेच आहे.

संचलनगीताचे काम वरकरणी साधे असते. मिनिटाला सुमारे १२० पावले या गतीने शेकडो माणसांचे पाय एकाच क्षणी जमिनीवर पडावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. म्हणूनच त्याची चाल सोपी असावी लागते आणि ठेका ठाम असावा लागतो. आझाद हिंद सेनेला मात्र याहून अधिक काही हवे होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. जनरल मोहन सिंग यांनी त्यांच्यातून पहिली आझाद हिंद सेना उभारली. पण जपान्यांशी मतभेद होऊन ती त्याच वर्षाच्या अखेरीस विस्कटली. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरास आले, सेनेची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि ‘चलो दिल्ली’चा नारा दिला. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन झाले. आता सेनेत केवळ जुने शिपाई नव्हते. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून असे लोक तिच्यात आले, आणि कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखालील झाशी राणी पलटणीत तरुण मुलीही आल्या. पंजाबी मुसलमान, शीख, गुरखे आणि तमिळ यांना एका रांगेत चालविणारी भाषा साधी हिंदुस्थानीच असू शकत होती. ज्यांनी भारताची भूमी कधी पाहिलीही नव्हती त्यांनाही आपण कोणासाठी पाऊल टाकीत आहोत हे या गीताने सांगितले. सुभाषबाबूंना संगीताचे हे सामर्थ्य पुरेपूर उमगले होते. त्यांनी रामसिंहांना एक व्हायोलिन भेट दिले, आणि रामसिंहांनी ते अखेरपर्यंत जपले.

रणांगणावर मात्र गीताने रसद मिळत नाही. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजांनी इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने चढाई केली, तेव्हा आझाद हिंद सेनेची काही हजार माणसे त्यांच्याबरोबर होती. १४ एप्रिलला मणिपुरातील मोइरांग येथे तिरंगा फडकला. पण पावसाळा आला, पुरवठा तुटला आणि माघार सुरू झाली. त्या माघारीत गोळीने जितके मेले त्याहून अधिक हिवतापाने, आमांशाने आणि भुकेने मेले. १९४५ च्या एप्रिलअखेर रंगून सोडताना सुभाषबाबू झाशी राणी पलटणीतील मुलींसह निघाले. बँकॉकपर्यंतच्या त्या प्रवासात मोठे अंतर त्यांनी पायीच तोडले. पुढे पाऊल टाकण्याचे आवाहन करणाऱ्या गीताच्या नशिबी शेवटी माघारीची ही वाटचाल आली.

याच युद्धाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने विसरता कामा नये. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या वाटेवर सांगशाक येथे जपान्यांना रोखून धरणाऱ्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. आणि याच मराठा लाइट इन्फंट्रीचे एक अधिकारी, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेचे प्रमुख सेनाधिकारी आणि हंगामी सरकारातील मंत्री होते. एकाच रेजिमेंटची माणसे दोन बाजूंना होती आणि दोघांनाही आपण देशाचे नाव राखीत आहोत असेच वाटत होते. त्यांपैकी एकाला शूर आणि दुसऱ्याला द्रोही ठरविण्याची घाई ज्याला झाली असेल, त्याला त्या पिढीचा पेच कळलेलाच नाही.

युद्ध संपताच ब्रिटिशांनी आझाद हिंद सेनेच्या खुणा पुसण्याचा चंग बांधला. सिंगापूरच्या किनाऱ्यावर जुलै १९४५ मध्ये उभारलेले या सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक सप्टेंबरमध्ये सुरुंग लावून उडविण्यात आले. ‘कदम कदम’ राजद्रोही ठरवून त्यावर बंदी घालण्यात आली. दगडाचे स्मारक उडविता आले, पण गीताला सुरुंग लावता आला नाही. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खटला सुरू झाला. भुलाभाई देसाईंनी बचावाची मुख्य धुरा वाहिली आणि पंडित नेहरू कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवून न्यायालयात आले. तिघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण देशभर उसळलेला क्षोभ पाहून सरसेनापती ऑचिनलेक यांनी ती माफ केली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावरील नाविकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत या सैनिकांच्या सुटकेचीही मागणी होती. ऑगस्ट १९४७ मध्ये गीतावरील बंदी उठली, आणि स्वातंत्र्याच्या त्या सोहळ्यात लाल किल्ल्यावर रामसिंहांच्या वाद्यवृंदाचे सूर घुमले.

येथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. पुढची कथा सहसा सांगितली जात नाही. ऑचिनलेक यांनी जन्मठेप माफ केली, पण बडतर्फी आणि थकलेल्या वेतनाची जप्ती कायम ठेवली होती. युद्धकैदेतून परतलेल्या हजारो सैनिकांची चौकशी होऊन त्यांची पांढरे, करडे आणि काळे अशी वर्गवारी झाली होती. जे काळे ठरले त्यांची नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर थकलेला पगार व निवृत्तिवेतनही गेले. स्वतंत्र भारताचे सरकार हा अन्याय एका फटक्यात पुसून टाकील अशी अपेक्षा होती. १९४८ मध्ये सरकारने बडतर्फीचा कलंक दूर केला आणि काही आर्थिक साहाय्यही देऊ केले. मात्र या सैनिकांना लष्करात परत घेण्यास नकार दिला. हा निर्णय घेणाऱ्या सरकारचे पंतप्रधान लाल किल्ल्यात त्यांच्या बचावासाठी उभे राहिलेले नेहरूच होते.

या निर्णयामागे काही युक्तिवाद होता हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. फाळणीच्या रक्तपातातून आणि काश्मीरच्या लढाईतून जाणाऱ्या लष्कराची शिस्त आणि एकजूट अबाधित ठेवणे आवश्यक होते. ज्यांनी कैदेतही शपथ मोडली नाही, त्यांपैकी अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर वेठीस धरले आणि तेथे ते रोगाने आणि उपासमारीने मेले. जे वाचून आले त्यांना काय सांगायचे? दोन भिन्न निष्ठांची माणसे एकाच बराकीत आणली तर ज्येष्ठता कोणाची, बढती कोणाला, हे प्रश्नही खरेच होते. सेनाधिकाऱ्यांना ही जोखीम नको होती आणि सरकारने त्यांचे मत मानले. मुलकी सत्ता आणि लष्कर यांचे नाते नुकतेच आकार घेत होते हे लक्षात घेतले तर तो निर्णय समजून घेता येतो.

परंतु समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. या निर्णयाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले ते पाहिले पाहिजे. शाहनवाज खान लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात मंत्री झाले. जगन्नाथराव भोसले पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि निर्वासितांच्या मुलांपासून सुरू झालेली राष्ट्रीय शिस्त योजना त्यांनी उभारली. आबिद हसन यांच्यासारखे सुभाषबाबूंचे सहकारी परराष्ट्र सेवेत गेले. म्हणजे आझाद हिंद सेनेतला माणूस स्वतंत्र भारताचा मंत्री होऊ शकत होता, राजदूत होऊ शकत होता. फक्त आपल्या जुन्या पलटणीत नाईक म्हणून परत जाऊ शकत नव्हता. शिकलेल्या आणि नावाजलेल्या अधिकाऱ्यांना दुसरी दारे उघडली. खेड्यातून भरती झालेल्या शिपायाला बंदूक आणि कवायत यांपलीकडे दुसरी विद्या ठाऊक नव्हती. त्याच्यासाठी लष्कराचे दार बंद होणे म्हणजे चरितार्थाचेच दार बंद होणे होते. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आली ती १९७२ साली, म्हणजे लाल किल्ल्यातील खटल्यानंतर तब्बल २७ वर्षांनी. तीतही कैदेचे पुरावे आणि दाखले सादर करणे आलेच.

स्वतः रामसिंहांची कहाणी याहून निराळी नाही. लष्कराच्या बँडमध्ये घडलेला हा संगीतकार स्वातंत्र्यानंतर लष्करात परतला नाही. उत्तर प्रदेशाच्या सशस्त्र पोलिस दलात, लखनौला, त्यांनी बँड उभा केला आणि आयुष्याची उरलेली नोकरी तेथेच केली. एप्रिल २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चालीवर पावले टाकणाऱ्या जवानांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न विचारण्याचेही धाडस होत नाही.

लष्करी संगीताविषयी आपल्याकडे वाद होतात ते बहुधा सुरांच्या कुळाविषयी. २०२२ मध्ये ‘बीटिंग रिट्रीट’च्या समारंभातून गांधीजींना प्रिय असलेली ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनेची धून वगळण्यात आली आणि तिच्या जागी सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. कोणती धून स्वदेशी आणि कोणती परकी यावर तेव्हा बरीच शाई खर्च झाली. पण ‘कदम कदम’चा इतिहास सांगतो की प्रश्न धुनीच्या कुळाचा नाहीच. ही चाल पाश्चात्त्य वळणाची आहे, ती वाजविणारी वाद्ये पाश्चात्त्य आहेत, तरीही ती निःसंशय आपली आहे. कारण तिच्यामागे आपल्या माणसांचे भोगणे आहे. धून बदलणे सोपे असते, त्यासाठी एक आदेश पुरतो. ती गाणाऱ्या माणसांचे ऋण फेडणे अवघड असते. म्हणूनच समारंभातील सूर हा कृतज्ञतेचा सर्वांत स्वस्त प्रकार होय, आणि राष्ट्रे नेमकी त्यावरच समाधान मानतात.

२६ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनात आझाद हिंद सेनेचे चार वृद्ध सैनिक प्रथमच सहभागी झाले. चौघांनीही वयाची नव्वदी ओलांडली होती. ते जीपमध्ये बसून राजपथावरून पुढे गेले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो क्षण हृद्य होता यात शंका नाही. पण ज्यांना आयुष्यभर या गीताच्या तालावर पावले टाकायची होती, त्यांना दिल्लीच्या संचलनात स्थान मिळाले ते पायांनी साथ सोडल्यानंतर. सिंगापूरहून दिल्लीला निघालेल्या त्या सेनेला राजधानीच्या संचलनापर्यंत पोहोचण्यास ७५ वर्षे लागली. यापुढे बँडवर ते सूर ऐकू येतील तेव्हा आपण अवश्य ताठ उभे राहावे. मात्र ज्यांच्यासाठी ते बांधले गेले, त्यांना आपण किती उशिरा आत घेतले, याचीही आठवण त्या क्षणी ठेवावी.