ईद सरकते, बोकडाचा खुराक बदलतो

बकरीद दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते. 2006 साली ती 11 जानेवारीला होती, 2024 साली 17 जूनला, आणि 2026 ची येते मेच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. बाकीचे लोक चंद्र बघतात. मी कित्येक वर्षे बोकडाचे पोट बघत आलो आहे. जानेवारीच्या ईदेसाठी बोकड पोसणे आणि मेच्या ईदेसाठी पोसणे हे माझ्या मते दोन निराळे धंदे आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 14.9 कोटी शेळ्या निघाल्या. आपल्याकडची उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ. उत्तरेची जमनापारी, बारबरी, सिरोही. पुरे.

खरी गंमत हिशेबात आहे. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही, वजनाच्या पाऊण घाताने वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1981 साली शेळ्यांसाठी कोष्टके काढली, तीही याच पायावर. त्यांनुसार 30 किलोच्या बोकडाला नुसते जगायला दिवसाला सुमारे 1,300 किलोकॅलरी लागतात. 100 किलोच्याला सुमारे 3,200. वजन सव्वातीनपट, खर्च अडीचपट. रोज 100 ग्रॅम वजन चढवायचे तर आणखी 725, म्हणजे साधारण पाव किलो मका. माळावर हिंडणाऱ्या शेळीला या जगण्याच्या खर्चावर निम्मी भर लागते, हे वेगळेच.

म्हणजे मोठा बोकड किलोमागे स्वस्तात पोसला जातो? हिवाळ्यात हो. उन्हाळ्यात तोच मोठेपणा अंगाशी येतो, कारण वजनाच्या मानाने कातडी कमी, उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. भोपाळ स्टेशनजवळच्या अशोका गार्डनमध्ये एका बोकडवाल्याकडे मी मे महिन्यात जात असे. अरुंद गल्ली, वर पत्रा, पारा चाळिशीपार. लहान बोकड सावलीत निवांत रवंथ करत. शंभरीकडे झुकलेला मात्र तोंड उघडून धापा टाकत असे. "को खां, ये खाता ही नहीं," मालकाची तक्रार.

खाईल कसा? चारा पोटात आंबतो तेव्हा उष्णता निघते, आणि कडब्यासारख्या चिवट चाऱ्यातून दाण्यापेक्षा जास्त. त्याचे पोट म्हणजे आतून पेटलेली चूल. मेमध्ये तीत लाकूड घालायला तो राजी नसतो. शिवाय धापा टाकायलाही ऊर्जा जाते. गुरांवरचे आकडे सांगतात की उथळ, जलद श्वासाने जगण्याचा खर्च 7 टक्के वाढतो, तोंड उघडून धापा टाकताना 11 ते 25 टक्के. गरज वाढते, भूक मरते, आणि मधल्या मध्ये वजन जाते. मालक मग तूप चारतो. तुपाने उष्णता कमी निघते हे खरे, पण जास्त झाले की चारा पचवणारे जिवाणूच लंगडे पडतात.

थंडीत गणित उलटे. तीच आंबण्याची उष्णता उपयोगी पडते, म्हणून संध्याकाळी कडबा भरपूर द्यावा, बोकड रात्रभर उबेत राहतो. भोपाळची कोरडी थंडी त्याला फारशी बाधत नाही. बाधते ते भिजणे. शेळीची चरबी कातडीखाली कमी आणि आतड्यांभोवती जास्त असते. केस भिजले की त्यांत अडकलेली, ऊब टिकवणारी हवाच निघून जाते. थंडीपेक्षा मावठ्याला आणि वाऱ्याच्या झोताला जास्त भ्यावे. गंमत म्हणजे अंगावर पोते घालणारे पुष्कळ भेटतात, पण पायाखाली कोरडे ठेवणारे कमी.

मेमधल्या ईदेच्या बोकडाचे वजन फेब्रुवारीअखेर चढवून घ्यावे. नंतर ते फक्त टिकवावे: चारा पहाटे आणि रात्री, थोडा पण पचायला हलका, पाणी गार आणि सतत, पत्र्यावर गवत किंवा ओले गोणपाट. एप्रिल-मेमध्ये वजन वाढवायला घातलेला पैसा बहुतेक धापांतच जातो.