गंधार नेमका कुठे राहतो?

गणपतीत घाटकोपरच्या एखाद्या मांडवात ऑर्केस्ट्रा लागला, की स्पीकरसमोर जरा उभे राहा. गाणं कानांत शिरतं, पण काहीतरी पोटातही घुमतं ना? तो बास गिटार! त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. अमेरिकेतल्या अँथनी जॅक्सननं १९७५ मध्ये सहा तारांचा बास बनवून घेतला, त्याची जाड तार तर ३१ वेळाच! आपल्या कानांची हद्द २०च्या आसपास संपते.

आता खरी गंमत. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात, सतारवाले पडदे म्हणतात. दोन पडद्यांमध्ये बोट कुठेही दाबा, सूर निघतो पडद्याचाच. एका सप्तकात असे बारा. सोय मोठी, पण या सोयीत आपला गंधार, म्हणजे सा-रे-गमधला ‘ग’, हरवतो.

खरं वाटत नाही? मोजपट्टी आणा. नेहमीच्या बासची तार ८६.४ सेंटीमीटर लांब असते. मोकळी तार म्हणजे सा असं धरू आणि तिचे पाच सारखे भाग करू. वरून पहिला भाग संपतो तिथे, म्हणजे १७.३ सेंटीमीटरवर, शुद्ध गंधार राहतो. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की कुणीही न गाता जो गंधार ऐकू येतो, ज्याला गायक ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात, तोच हा! आणि बासवर ‘ग’ देणारा चौथा पडदा कुठे असतो? १७.८ वर. अर्धा सेंटीमीटर पुढे. म्हणून त्याचा ‘ग’ किंचित चढा लागतो.

जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाच्या बासवर पडदेच नव्हते. काढलेल्या पडद्यांच्या फटी त्यानं बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा लेप दिला. १९७६ मधली त्याची तबकडी ऐका, बास चक्क गळ्यासारखा गातो. पडदे नसले की मींड घेता येते, दोन सुरांमधल्या प्रत्येक जागी थांबता येतं. मात्र जागा सांगायला कुणी नसतं. कानानंच शोधायची!

अशा जागांचा ध्यास सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी घेतला होता. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर ते तारेवर ताडून, मोजून बघत. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागांवर, पुस्तकच लिहिलं. आणि सांगलीशेजारच्या मिरजेत सतार करणारे कारागीर? ते पडदे दोऱ्यानं बांधतात. रागाला हवा तसा पडदा सरकवा!

घरी किंवा शाळेत गिटार असेल, तर एक करा. चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा एक बारीक, उंच सूर येईल. तो गंधार. आता बघा बरं, तुमचं बोट पडद्यापासून किती अलीकडे होतं?