खाडे, रतीब आणि ऑटोपे

मेसचा डबा : महिन्याचे पैसे भरण्याआधी खाड्यांचा हिशेब विचारा. किती आधी कळवायचं? एकट्यादुकट्या दिवसाचा खाडा धरतात का? पैसे परत मिळतात की फक्त मुदत वाढते? स्वस्त डबा महाग पडतो तो इथेच. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही मागा. घरगुती डबेवालीलाही नोंदणी लागतेच.

दूध : ॲपवरच्या रतीबाचा फायदा खरा. गावाला जाताना रात्री ठरलेल्या वेळेआत बंद करता येतो, फक्त आठवण हवी.

किराणा : ॲपच्या सदस्यांना मोफत डिलिव्हरी मिळते, पण बहुधा ठरावीक रकमेच्या वरच. हाताळणी शुल्क अनेकदा वेगळंच. कोथिंबिरीची जुडी हवी असताना ती रक्कम गाठायला चिप्स टाकले, की बचत संपली. एकट्या माणसाला कोपऱ्यावरचा वाणी बरा. आजारी, वयस्कर माणसांच्या घरी मात्र घरपोच सामानाची सोय पैशांत मोजू नये.

बंद करताना : यूपीआय ऑटोपे आपल्या यूपीआय ॲपमधून रद्द करता येतो. सदस्यत्व सोडणं मुद्दाम किचकट ठेवणं ही केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या १३ निषिद्ध क्लृप्त्यांपैकी एक. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.