शीर मिटते का, बघा!

एक पाय अचानक सुजलेला, पोटरी ठणकतेय, अशा रुग्णाला कॅज्युअल्टीत आणले की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते: पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी तर झाली नाही? ती सुटून हृदयामार्गे फुफ्फुसात अडकली, तर जिवावर बेतू शकते. एके काळी हे तपासायला पावलाच्या शिरेत रंगद्रव्य टोचून एक्स-रे काढत. आता खाटेशेजारी सोनोग्राफीचे छोटे यंत्र येते. जांघेत जेल लावून डॉक्टर प्रोब टेकवतात आणि चक्क दाबतात!

प्रोबमधले स्फटिक विजेने थरथरतात. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी 1881 मध्ये दाखवला. त्या थरथरीतून उठणारा, कानाला न कळणारा आवाज सेकंदाला सुमारे 1,540 मीटर वेगाने शरीरात शिरतो, आणि त्याच्या प्रतिध्वनींतून पडद्यावर चित्र उमटते. त्यात शेजारी-शेजारी दोन काळी वर्तुळे दिसतात, धमनी आणि शीर. धमनीची भिंत जाड, आत हृदयाच्या ठोक्याचा जोर, त्यामुळे ती सहजी दबत नाही. शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी. निरोगी शीर दाबताच पार मिटते, हात सैल केला की पुन्हा गोल होते. आत गुठळी असेल तर मात्र ती मिटत नाही.

खरे नवल पुढेच आहे. ताजी गुठळी पडद्यावर अनेकदा वाहत्या रक्ताइतकीच काळी असते. नजरेला जी सापडत नाही, ती हाताच्या दाबाने सापडते! 1989 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात ही साधी कसोटी रंगद्रव्याच्या तपासणीशी ताडून पाहिली गेली आणि मांडी-गुडघ्याच्या शिरांसाठी ती खणखणीत ठरली. तातडीच्या वेळी जांघ आणि गुडघ्यामागची लवण या दोन जागा तपासायला काही मिनिटे पुरतात. मग प्रोब छातीवर नेला, तर फुफ्फुसातल्या मोठ्या गुठळीने ताणलेला, फुगलेला हृदयाचा उजवा कप्पाही दिसू शकतो.

पोटरीतल्या बारीक शिरांतली गुठळी मात्र या तपासणीतून निसटू शकते. म्हणून शंका उरली तर आठवड्याभराने पुन्हा तपासतात.

शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखू लागला, तर तेल लावून चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल, तर थेट इस्पितळ गाठा.